कार्बोरेटरच्या बाजूच्या रेघा

मी डूख धरणारी बाई आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढचं वाचताना कुणी माझ्याकडून मोठ्या मनाची अपेक्षा ठेवायला नको. वाशिमला माझं दुचाकीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. पंख्याच्या वाऱ्यानं पेपर उडू नये म्हणून काउंटरवर मी एक जुना पिस्टन ठेवते. येणाऱ्या गिऱ्हाइकाला वाटतं, बाईला दुसरं वजन मिळालं नसेल. वजनं माझ्याकडे पुष्कळ आहेत. पण हा पिस्टन डोळ्यांसमोर असला की माझा दिवस नीट जातो. आता केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले, सून म्हणते, आई, सोडून द्या आता. मी म्हणते, बाई गं, तू भाजीला फोडणी दे.

आम्ही तेव्हा रिसोडला राहायचो, एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत. पुढचा ओटा म्हणजे बाबांचं गॅरेज आणि मागच्या दोन खोल्या म्हणजे घर. मधल्या दाराला पडदा होता, पण धुराला पडद्याचं काय! बाबा फक्त टू-स्ट्रोक गाड्या बघायचे. त्या गाड्यांचा निळसर धूर घरभर फिरायचा आणि मायच्या वांग्याच्या भरतालासुद्धा जळक्या ऑइलचा एक बारीक वास असायचा. पुढं लग्न होऊन सासरी गेले तेव्हा तिथलं भरीत मला कित्येक महिने अळणी लागत होतं. मायला आवाजावरून गिऱ्हाईक ओळखू यायचं. तव्यावरची भाकर उलटता उलटता ती सांगायची, "किन्हीराजावाला मास्तर आला वाट्टे, चहा ठेवतो." बाबा स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवायचे, मूठ कानाला लावायचे आणि डोळे मिटून ऐकायचे. मग मला हाक मारायचे, "सुमे, ऐक बरं, काय म्हणून राह्यलं हे?" मी एकोणीस वर्षांची होते, बारावीत एकदा आपटले होते, आणि कान माझा चांगला होता. गल्लीतल्या बायका नाक मुरडायच्या, की पोरीचे हात काळे, कोण करील हिला. बाबा म्हणायचे, काळे हात धुता येतात.

टू-स्ट्रोकमध्ये ऑइलची वेगळी टाकी नसली की ऑइल पेट्रोलमध्येच कालवावं लागतं. ते मोजायला बाबांकडे स्टीलचं एक मापटं होतं, कुण्या दूधवाल्यानं मोडीत काढलेलं. त्याच्या आत बाबांनी खिळ्यानं एक रेघ ओढली होती. त्या रेघेपर्यंत ऑइल, एकदाच ओतायचं आणि विषय संपला. दुसरी त्यांची सवय अशी, की कुठल्याही गाडीत नवा पिस्टन बसवण्याआधी त्याच्या पोटात टोकदार पंच ठोकून तीन ठिपके मारायचे, चुलीच्या तीन दगडांसारखे. कारण विचारलं की म्हणायचे, "आपलं काम आपल्याले वळखू आलं पायजे." तालुक्यातल्या सगळ्या मिस्त्र्यांना ते ठिपके माहीत होते.

गजू हा बाबांच्याच हाताखाली सहा वर्षं शिकलेला माणूस. मग त्यानं बाजारात स्वतःचं दुकान टाकलं, पाटी लावली, आणि लोक त्याला उस्ताद म्हणायला लागले. बाबांना त्याचा राग नव्हता. उलट कौतुकच होतं. "गजूचा डोळा चुकत नाई," असं ते चारचौघात बोलायचे. आणि डोळा त्याचा खरोखर होता. त्याच्या दुकानासमोर चहाची टपरी होती. तिथं बसून तो खराब झालेले पिस्टन बघून निदान सांगायचा. लोक लांबून पिस्टन फडक्यात बांधून आणायचे. तो हातात घेऊन फिरवायचा, अंगठा लावायचा आणि गाडी कशी चालवली, कुणी चालवली, काय चुकलं ते सांगायचा. ऐकणारे तोंडाचा आ करायचे आणि चहाचे पैसे कुणीतरी दुसराच द्यायचा.

माझा भाऊ दिनू माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याला रेसचं वेड. एक जुनी टू-स्ट्रोक घेऊन त्यानं तिचे मडगार्ड काढले, सायलेन्सर उचलून बांधला, मागं खडबडीत गोट्यांचा टायर बसवला, आणि ती धुळीत उड्या मारणारी गाडी झाली. इंजिन बाबांनी बांधून दिलं. आमच्याकडं हिवाळ्यात शंकरपट भरतो. बैलांच्या जोड्या पळून झाल्या की त्याच पट्टीवर पोट्टे मोटारसायकली पळवायचे. आता त्या पट्टीची कल्पना करा. काळी माती, दिवसभर बैलांच्या खुरांनी कुटलेली. चक्कीतलं पीठ जाडं वाटावं इतकी बारीक. पाय ठेवला की घोट्यापर्यंत जायचा आणि वर आलेली धूळ अर्धा तास खाली बसायची नाही. अशा जागी गाडीला जपायचं असेल तर एकच गोष्ट लागते, हवेच्या डब्यातला धूळ अडवणारा स्पंज. तो स्पंज धुणं, वाळवणं, टू-स्ट्रोक ऑइलमध्ये भिजवून पिळणं आणि परत बसवणं हे दर रविवारचं माझं काम होतं. पटाच्या आदल्या आठवड्यात तर मी नवाच स्पंज कापून बसवला होता.

पटाच्या आधी आठ दिवस दिनूभाऊ त्या पट्टीवर सराव करत होता, आणि रोज उस्ताद तिथं हजर. सकाळी बाबांनी मापट्यानं ऑइल कालवून टाकी भरून द्यायची आणि भाऊ निघून जायचा. त्याला उस्तादाची हवा लागलेली मला दिसत होती. "उस्ताद म्हणते" हे दोन शब्द त्याच्या प्रत्येक वाक्याच्या आधी यायला लागले होते. पुढच्या पटाला उस्ताद त्याला स्वतःची गाडी चालवायला देणार होता म्हणे.

रेसच्या दिवशी तो पहिल्या तीन फेऱ्या पुढं होता. चौथ्या फेरीत इंजिन खुळखुळ वाजायला लागलं, मग धूर, मग गाडी बंद. मी आणि बाबा दोरीच्या या बाजूला होतो. धावत गेलो. मी हातानं किक दाबली तर ती लोण्यात बोट घालावं तशी खाली गेली. बाबा वाकेपर्यंत उस्ताद पाना घेऊन पुढं आला, तिथंच त्यानं हेड उघडलं, आत डोकावला आणि उभा राहिला. शंभरेक माणसं जमली होती.

"ऑइलच नव्हतं हो याच्यात," तो म्हणाला. "रामभाऊ, राग मानू नका, पण वय झालं तुमचं. ध्यानातून गेलं असन."

बाबांनी दिनूभाऊकडं पाहिलं. दिनूभाऊनं गाडीकडं पाहिलं. कुणीतरी मागून हसलं. बाबा एवढंच म्हणाले, "गेलं असन बाप्पा." आणि गाडी उस्तादाच्या दुकानात गेली.

मला आजही त्या हसणाऱ्याचं तोंड आठवत नाही, हे बरं आहे त्याच्यासाठी. पुढचे पंधरा दिवस आमच्या घरात जे झालं ते मी कुणाला माफ केलेलं नाही. बाबा ऑइल दोनदा मोजायला लागले, मग तीनदा. ओतायचे, परत बाटलीत काढायचे, बोटावर घेऊन वास घ्यायचे, मला विचारायचे, "सुमे, टाकलं ना म्या?" गिऱ्हाईक समोर उभं राहून हे बघायचं आणि दुसऱ्या वेळी यायचं नाही. एका सकाळी किन्हीराजाच्या मास्तरांची गाडी आली. बाबांनी स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाले, "मास्तर, गजूकडं घेऊन जा." त्या दिवशी त्यांनी मापटं घरात आणून मायच्या हातात दिलं. माय त्यानं दूध मोजायला लागली. ओट्यावर बसून तुरीच्या शेंगा सोलणारा माझा बाप मला बघवत नव्हता. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, कान शाबूत, हात शाबूत, आणि स्वतःवरचा भरवसा तेवढा कुणीतरी काढून नेलेला.

गाडी नवा पिस्टन घालून परत आली तेव्हा रविवार होता. सवयीनं मी हवेचा डबा उघडला. आत माझा स्पंज होता, मी कापलेला, मी पिळलेला. आणि तो स्वच्छ होता. आठ दिवस त्या पिठासारख्या मातीत पळालेल्या गाडीचा स्पंज चॉकलेटी व्हायला हवा, चिखल झाला पाहिजे त्याचा. यावर एक कण नव्हता. मी तो हातात घेऊन तशीच बसून राहिले. गाडी पळत होती तेव्हा स्पंज आत नव्हताच, नंतर कुणीतरी परत घातला होता. आणि मग किक आठवली. ऑइल कमी पडलं तर पिस्टन तापून धरतो, किक दगडासारखी अडते. ही तर ढिली पडली होती. म्हणजे धरला नव्हता, घासून झिजला होता.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "धुतला असन कोणी." मी किकचं सांगितलं. "सुमे, गजूनं डोळ्यानं पाह्यलं ना. त्याचा डोळा चुकत नाई." मी दात ओठ खात बाहेर आले. ठीक आहे, म्हटलं. गजूचाच डोळा पाहिजे ना, तर त्याच डोळ्यानं बघायला लावते.

उस्तादाचं भंगार कुणाकडं जातं ते मला माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी भंगारवाल्या चाचांकडं गेले आणि पोत्यावर बसून एकेक पिस्टन उलटा करून बघायला लागले. चाचा म्हणाले, "बेटी, क्या ढूंढती?" म्हटलं, "तीन ठिपके." चाळीस-पन्नास पिस्टन झाले असतील. नखं काळी, पदर काळा. मग तो सापडला. पोटात तीन ठिपके, चुलीच्या दगडांसारखे. बाबांनी बांधलेलं दुसरं कुठलंच इंजिन गजूनं खोललं नव्हतं, म्हणजे हा दिनूभाऊच्याच गाडीतला. मी तो उन्हात धरला.

समजून सांगते, अवघड नाही. या इंजिनात हवा, पेट्रोल, ऑइल सगळं एकाच दारानं आत येतं, कार्बोरेटरच्या बाजूनं. जळून जातं ते समोरच्या दारानं, सायलेन्सरच्या बाजूनं. ऑइल कमी असेल तर पिस्टन जास्त तापतो तो जाण्याच्या बाजूला, आणि जखम तिथं होते, धातू वितळून चोपडल्यासारखी. धूळ आत आली तर ती येण्याच्या बाजूलाच खरडते. माझ्या हातातला पिस्टन सायलेन्सरच्या बाजूनं गुळगुळीत होता. कार्बोरेटरच्या बाजूनं मात्र तो राखाडी पडला होता आणि वरून खाली बारीक उभ्या रेघाच रेघा, घासणीनं भांडं घासावं तशा. बाबांचं ऑइल बरोबर होतं. माझा बाप चुकला नव्हता. मी त्या पोत्यावर बसून रडले आणि रडताना मला उस्तादाचं तोंड दिसत होतं. मी तेव्हाच ठरवलं की हे चारचौघात झालं होतं, तर चारचौघातच फिटेल.

पिस्टन मी रॉकेलनं धुतला आणि पोटातले ठिपके ग्रीसमध्ये काजळी कालवून बुजवले. बाजाराच्या दिवशी किन्हीराजाहून माझ्या मैत्रिणीचा मामा यायचा. मामा शेतकरी माणूस, उस्ताद काय नि दिनूभाऊ काय, त्याला कुणीच ओळखत नव्हतं. मी त्याला सगळं सांगितलं. मामा म्हणाला, "एवढंच ना? दे इकडं." सकाळी दहाच्या सुमाराला टपरी भरलेली होती. दिनूभाऊ उस्तादाच्या शेजारीच बाकावर बसला होता. मी पलीकडच्या बियाण्याच्या दुकानात पोत्यांमागं उभी राहिले.

मामानं फडकं सोडलं. "उस्ताद, आमच्या गावच्या पोट्ट्याच्या गाडीतला हाय. मिस्त्री म्हणते ऑइल नाई टाकलं. तुमी पाहा बरं."

उस्तादानं चहा खाली ठेवला. पिस्टन हातात घेतला, फिरवला, अंगठा लावला. त्याची ती ऐट मी कधी विसरणार नाही. "कोन म्हणते ऑइल नव्हतं? ही पाहा सायलेन्सरची बाजू. लोण्यावानी हाय. ऑइल एकदम बराबर होतं. आन ही पाहा, कार्बोरेटरची बाजू. या रेघा पाहा. यानं धूळ खाल्ली, धूळ. एक-दोन दिवस नाई, आठवडाभर खाल्ली."

"मंग मिस्त्री खोटं बोलते काय?"

"खोटं नाई तं काय. स्पंज काढून पळवली हो गाडी. पिकप वाढते म्हणून काढते कोणी कोणी गाढव."

मी पोत्यांमागून बाहेर आले. "उस्ताद, त्याच्या पोटातलं ग्रीस पुसा बरं."

त्यानं माझ्याकडं पाहिलं आणि त्याला कळलं. पुसलं नाही त्यानं. मामानं त्याच्या हातातून पिस्टन काढून घेतला, फडक्यानं आतून पुसला आणि बाकावर उलटा ठेवला. टपरीवर दोन मिस्त्री होते. त्यातला एक वाकून म्हणाला, "हा तं रामभाऊचा ठिपका हाय. दिनूच्या गाडीतला हाय हा."

इथपर्यंत सगळं माझ्या मनासारखं झालं होतं. मी उस्तादाच्या तोंडाकडं बघत होते, पोटभर. पुढचं मात्र मला ठाऊक नव्हतं. मी समजत होते की उस्तादानं चोरून स्पंज काढला असेल. तेवढ्यात माझा भाऊ उठला. त्याचे कान लाल झाले होते. तो उस्तादाला म्हणाला, "गाढव कोणाले म्हणता? तुमीच तं सांगतलं होतं काढाले. रोज माह्या हातानं काढून तुमच्याच खिशात देत होतो ना मी."

भावाला काय बोलून बसलो ते उशिरा कळलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी पिस्टन उचलला आणि घरी निघाले.

बाबा ओट्यावर शेंगा सोलत होते. मी पिस्टन त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठा फिरवला, एका बाजूनं, मग दुसऱ्या. मी म्हटलं, "गजूनंच वाचला, चारचौघात. ऑइल एकदम बराबर होतं म्हणाला." त्यांचे डोळे भरले. तिथं मी थांबू शकले असते. बापाला त्याचे हात परत मिळाले होते. पण माझ्या पोटात आग होती आणि मी तीही ओतली. भाऊ काय म्हणाला, शब्द न् शब्द सांगितला.

बाबांनी पिस्टन मांडीवर ठेवला. "पोट्टा तिथं उभा होता ना," ते म्हणाले. "गजूचं खोटं असतं तं तो बोलला असता, असं वाटलं मले. म्हणून म्या मलेच खोटं धरलं."

मग ते उठले, आत गेले आणि मायला म्हणाले, "माप दे माहं." दुपारी एक गाडी आली होती, लुना का काय. त्यांनी रेघेपर्यंत ऑइल घेतलं आणि एकदाच ओतलं.

त्या दुपारी मायनं तुरीच्या ओल्या दाण्यांची, सोल्यांची भाजी केली होती, ज्वारीच्या भाकरी आणि ठेचा. चार ताटं मांडली. भाऊ यायच्या आधी मी त्याच्या ताटात भाकरीच्या जागी तो पिस्टन ठेवला, रेघा वर करून. तो आला, पाटावर बसला, ताटात पाहिलं. बाबा खाली मान घालून जेवत होते. भाऊ उठला. "माय, मले भूक नाई," म्हणाला आणि बाहेर गेला. त्याच आठवड्यात तो पुण्याकडं एका कंपनीत लागला.

मायनं पिस्टन उचलून बाजूला ठेवला, ताट धुतलं आणि मला म्हणाली, "सुमे, भरल्या ताटावरून उठवलं तू त्याले." पुढं ती ते कधी बोलली नाही. पण ती गेली तोपर्यंत दर सणाला चौथं ताट मांडून वाट बघायची, आणि वाट बघताना माझ्याकडं बघायची नाही. उस्तादाचं मला काही वाटत नाही, त्याची टपरीवरची ऐट गेली ती गेली. भावाचंही वाटत नाही. मायचं तेवढं वाटतं. तरीसुद्धा परत ती दुपार आली तर मी ताटात पिस्टन ठेवीन. खोटं कशाला सांगू.

बाबांनी त्यानंतर बारा वर्षं काम केलं. भाऊ सणाला नाही, पण एरवी येऊन जाऊन असायचा, पटाचा विषय दोघांनीही कधी काढला नाही. बाबा वाट बघत होते हे मला दिसायचं. मग बाबाही गेले.

मागच्या दिवाळीला दिनूभाऊ दुकानात आला. टक्कल पडलं आहे, हात थरथरतो. मी चहा मागवला आणि त्याचा कप पिस्टनच्या शेजारी ठेवला. तो म्हणाला, "सुमे, आता तरी टाक हे भंगारात."

मी म्हटलं, "टाकतो ना. बाबाले जे सांगाचं राह्यलं ते सांगून ये पहिले."

त्यानं चहा पूर्ण प्याला, कप खाली ठेवला आणि गेला. मी पिस्टन पुसला आणि रेघा दाराच्या बाजूला येतील असा ठेवला.